टायटन हरले म्हणजे नेमकं कोण हरलं?

केतकीचं_बन

ग्रीक देवकथांची मराठी रूपांतरं काढून बघा. टायटनांची बोळवण बहुतेक ठिकाणी एका परिच्छेदात केलेली असते. आडदांड, क्रूर असे जुने देव होते, झ्यूस त्यांच्याशी दहा वर्षं लढला, त्यांना पाताळात कोंडलं, की लगेच ऑलिम्पसच्या गोष्टी सुरू. सध्या मी हेसिअडची 'थिओगनी' सावकाश वाचते आहे. इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास बिओशियातल्या आस्क्रा गावच्या या कवीने हजारेक ओळींत देवांची वंशावळ बांधली. टायटनांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मुख्य आधार तोच. आणि त्याच्याकडे चित्र बरंच वेगळं दिसतं.

गाया म्हणजे पृथ्वी आणि युरेनस म्हणजे आकाश. त्यांच्या बारा मुलांना टायटन म्हणतात. मुलगे सहा: ओशिआनस, कोइअस, क्रायस, हायपेरिऑन, आयपेटस आणि शेंडेफळ क्रोनस. मुली सहा: थिया, रिया, थेमिस, निमोसिनी, फिबी, टेथिस. आता यांचं पुढे काय होतं ते बघा. ओशिआनस जगाला वेढून वाहतच राहतो. युद्धाच्या वेळी त्याची मुलगी स्टिक्स सगळ्यांच्या आधी झ्यूसच्या बाजूला येते, आणि तीही बापाच्या सल्ल्याने. थेमिस झ्यूसची दुसरी बायको होते. निमोसिनी म्हणजे स्मृती, तिच्यापासून त्याला नऊ म्यूझ, म्हणजे कलांच्या देवता होतात. फिबी तर अपोलो आणि आर्टेमिसची आजी. हायपेरिऑन आणि थियाची मुलं म्हणजे सूर्य, चंद्र आणि पहाट, ती रोज नेमाने उगवतात. रिया झ्यूसची सख्खी आई, आणि तेव्हा राजा असलेला क्रोनस त्याचा बाप.

मग कोंडलं कोणाला? होमर 'इलियड'च्या आठव्या सर्गात टार्टारसच्या, म्हणजे सगळ्यांत खोल पाताळाच्या तळाशी बसलेल्यांपैकी दोघांचीच नावं घेतो, आयपेटस आणि क्रोनस. हेसिअड युद्धाचं वर्णन रंगवून करतो, पण 'टायटन' असं घोळक्यानेच म्हणतो.

माझं म्हणणं असं, की ही पिढी हरलीच नाही. हरला तो क्रोनस आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेले. बाकीच्यांच्या खांद्यावरच झ्यूसचं राज्य उभं आहे. तुम्हाला काय वाटतं?

अश्वत्थ

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

दगडधोंडे

केतकी, वंशावळीचा मुद्दा मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. युद्धाचं वर्णन परत वाच. टायटन ऑथ्रिस डोंगरावर, झ्यूसची मंडळी ऑलिम्पसवर. पुरती दहा वर्षं तोडगा निघत नाही. मग गायाच्या सांगण्यावरून झ्यूस शंभरहाती भावांना, कॉटस, ब्रिआरेअस आणि गायजीस यांना, जमिनीखालून बाहेर काढतो, अमृत पाजतो आणि म्हणतो, आता उपकार फेडा. तिघांचे मिळून तीनशे हात, एका झटक्यात तीनशे धोंडे सुटतात. टायटनांवर आकाश दिसेनासं होतं. झ्यूसच्या विजेने जंगलं पेटतात, समुद्र उकळतो.

आणि कोंडलं कुठे? आकाशातून ब्राँझची ऐरण सोडली तर ती नऊ दिवस नऊ रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी जमिनीवर पोचेल. जमिनीपासून टार्टारस तितकाच खोल. भोवती ब्राँझची भिंत, पोसायडनने बसवलेले दरवाजे, पहाऱ्याला तेच शंभरहाती. एवढा बंदोबस्त घरातल्या एका खाष्ट म्हाताऱ्यासाठी कोणी करत नाही. ती सबंध सत्ताच उलथली होती.

टिकली

मला एवढंच कळलं की थेमिस ही झ्यूसची आत्याही आहे आणि मावशीही, आणि तिच्याशीच त्याने लग्न केलं. 😄

पाणकोंबडा

टिकलीताई, झ्यूसपासून अपोलो आणि आर्टेमिस झालेल्या लेटोचं तर याहून भारी आहे. तिचे आईवडील कोइअस आणि फिबी, दोघंही झ्यूसच्या आईचीही भावंडं आणि बापाचीही. म्हणजे लेटो त्याची चुलत, मामे, आते आणि मावस अशी चारही बाजूंनी बहीण. आमंत्रणपत्रिकेवर नातं काय छापायचं ते लग्नघरच्यांनी बघून घ्यावं.

टिकली

आणि मानपान कोणत्या बाजूने घ्यायचा?

उत्तरा_क

माहितीपूर्ण धागा. मला हे वाचताना कंस आठवला. भविष्यवाणी होते, बाळं मारली जातात, शेवटचं बाळ गुपचूप दूर वाढतं आणि परत येऊन हिशेब चुकता करतं. क्रोनसलाही आईवडिलांनीच सांगितलं होतं ना, की तुझाच मुलगा तुला खाली खेचेल? आणि देव-टायटन म्हणजे आपले देव-दैत्य असं म्हणता येईल का?

अश्वत्थ

उत्तराताई, कंसाशी साम्य आहे खरं, पण कंस बहिणीची मुलं मारतो, क्रोनस स्वतःची गिळतो. त्यामुळे गोष्टीचा सगळा ताण बदलतो. कंसाच्या गोष्टीत मामा गेला की संपलं. इथे मात्र जो बापाला हटवून राजा होतो तोच पुढे बाप होतो आणि आपल्या मुलांना भिऊन बसतो. युरेनसने मुलांना पृथ्वीच्या पोटात दाबून ठेवलं, क्रोनसने स्वतःच्या पोटात. भीती तीच.

दैत्यांशी तुलना करायला मी कचरतो. दैत्य आणि आदित्य दोघेही कश्यपाची मुलं, एकाच पिढीतले सावत्र भाऊ, आणि त्यांचं वैर युगानुयुगं चालू राहतं. टायटन ही आधीची पिढी आहे. त्यांचं युद्ध एकदाच झालं आणि एकदाच संपलं. शिवाय ते दुष्ट आहेत असं हेसिअड सरसकट म्हणत नाही. तो त्यांना 'पूर्वीचे देव' म्हणतो. देवच म्हणतो.

दगडधोंडे यांच्या मुद्द्याबद्दल: तुमचं वर्णन अचूक आहे. पण हेसिअडला विजय मोठा दाखवायचा आहे, म्हणून त्याने कैदखाना खोल केला. त्यावरून आत किती जण होते ते ठरत नाही.

दगडधोंडे

आकडा मी मोजत नाहीये. राज्य गेलं की नाही, एवढंच विचारतोय.

रानमेवा

क्रोनसच्या गिळण्यावरून आठवलं. स्पॅनिश चित्रकार गोयाने १८२० ते १८२३ या काळात आपल्या घराच्या भिंतीवर जो सॅटर्न (क्रोनसचंच रोमन नाव) रंगवला, तो आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. डोळे फाटलेले, हातात रक्ताळलेलं धड, तोडून खातोय. ते चित्र इतकं डोक्यात बसतं की मूळ गोष्टही तशीच असेल असं वाटतं. हेसिअडकडे मात्र चावणं नाही, रक्त नाही. मूल जन्मून रियाच्या गुडघ्यांशी येतं, तो ते अख्खं गिळतो. म्हणून तर मुलं आत जिवंत राहतात, वाढतात आणि धडधाकट बाहेर येतात.

बाहेर येण्याचा क्रमही उलटा आहे. सगळ्यांत शेवटी त्याने बाळ झ्यूस समजून दगड गिळला, म्हणून आधी दगड बाहेर. हेस्तिया सगळ्यांत आधी गिळली गेली, म्हणून ती शेवटी. त्यामुळेच अफ्रोडायटीच्या जुन्या स्तोत्रात हेस्तियाला थोरली आणि धाकटी अशी दोन्ही म्हटलंय. चुलीची देवता, पहिला घासही तिचा आणि शेवटचाही. मला ही जागा फार आवडते.

दूरदेशी

त्या दगडाचं पुढे काय झालं ते लिहितो, कारण ग्रीसमधल्या डेल्फीला गेलो तेव्हा मी तो शोधत फिरलो होतो.

हेसिअड सांगतो की झ्यूसने तो दगड पायथो म्हणजे डेल्फी इथे पार्नासस डोंगराच्या कुशीत रोवला, लोकांनी बघावा म्हणून. नंतर आठ-नऊशे वर्षांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, पॉसेनिअस नावाचा प्रवासी तिथे गेला आणि त्याने तो दगड पाहिल्याचं लिहून ठेवलं. अकिलीसचा मुलगा निओप्टोलेमस याच्या थडग्यावरून वर चढलं की एक दगड लागतो, फार मोठा नाही. त्यावर रोज तेल ओततात आणि सणासुदीला न कातलेली लोकर ठेवतात. क्रोनसला मुलाच्या जागी दिलेला आणि त्याने ओकलेला दगड तो हाच, असं तिथले लोक मानत.

संग्रहालयात जाळीसारखी नक्षी असलेला संगमरवरी दगड आहे तो ऑम्फॅलोस, पृथ्वीची नाभी. तो हा नव्हे. आमच्या गटातले अनेक जण तोच क्रोनसचा दगड समजून फोटो काढत होते. पॉसेनिअसचा दगड आज दाखवता येत नाही. पण थडग्याकडून वर जाणारा चढ आहे. तिथे उन्हात उभं राहिलं की रोज सकाळी तेलाचं भांडं घेऊन वर येणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. गोष्टीतल्या एका फसवणुकीची पूजा शतकानुशतकं चालू होती.

पाणकोंबडा

थांबा थांबा. क्रोनस म्हणजे रोमनांचा सॅटर्न, सॅटर्न म्हणजे शनी, आणि त्याच्या दगडावर रोज तेल?? शिंगणापूर!

दूरदेशी

मलाही तिथे तेच आठवलं होतं. पण एक फरक आहे. डेल्फीचा दगड क्रोनसचा नव्हे, बाळ झ्यूसच्या जागी ठेवलेला. शिंगणापूरची शिळा खुद्द शनिदेव. दगडाला तेल लावून पुजायची चाल कितीतरी समाजांत सापडते, तेव्हा थेट धागा जोडू नये.

खगोलवेडा

शनीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

शनीचे उपग्रह आधी नुसत्या आकड्यांनी ओळखले जात. ह्यूजेन्सने १६५५ मध्ये सगळ्यांत मोठा शोधला. मग कॅसिनीने १६७१ ते १६८४ या काळात आणखी चार. विल्यम हर्शेलने १७८९ मध्ये दोन. नवा सापडला की आधीच्यांचे क्रमांक बदलत आणि गोंधळ होई. शेवटी १८४७ मध्ये विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल याने सुचवलं, की सॅटर्नच्या भोवती त्याच्याच भावंडांची नावं द्यावीत. म्हणून टायटन, रिया, टेथिस, आयपेटस. पुढच्याच वर्षी सापडलेल्याला हायपेरिऑन. १८९९ मध्ये फोटोंच्या काचांवर फिबी सापडली. ती इतर मोठ्या उपग्रहांच्या उलट दिशेने फिरते.

केतकीताईंच्या यादीतली जवळजवळ निम्मी मंडळी आजही क्रोनसभोवती फिरताहेत. आणि टायटॅनिअम धातूला १७९५ मध्ये क्लाप्रोटने नाव दिलं तेही यांच्यावरूनच.

टिकली

खगोलवेडा, उलटी फिरणारी फिबी आवडली. घरात एक तरी हवीच.

मातीचे_पाय

सगळे क्रोनस आणि झ्यूसबद्दल बोलताय. मला गायाबद्दल बोलायचंय.

युरेनस मुलांना जन्मू देत नाही, पृथ्वीच्या आत कोंबतो. हेसिअड सरळ म्हणतो की ती आतून दाटून कण्हत होती. अडलेल्या बाईचं हे वर्णन आहे. ती पोलादासारख्या करड्या धातूचा मोठा कोयता घडवते आणि मुलांपुढे ठेवते. सगळे घाबरून गप्प. एकटा क्रोनस म्हणतो, मी करतो. ती त्याला दबा धरून बसवते, दातेरी कोयता हातात देते, डाव सांगते. रात्र होते, युरेनस येतो, क्रोनस डाव्या हाताने धरतो आणि उजव्या हाताने कापतो. सांडलेल्या रक्तातून सूडदेवता एरिनिस आणि महाकाय गिगंट जन्मतात, समुद्रात पडलेल्या मांसाभोवतीच्या फेसातून अफ्रोडायटी.

पण क्रोनस गादीवर आल्यावर गायाची सगळी मुलं मोकळी होतात का? शंभरहाती कोंडलेलेच राहतात. ज्याच्या हाती कोयता दिला त्याने तिचं अर्धंच गाऱ्हाणं ऐकलं. म्हणून ती दुसऱ्यांदा उठते. रियाला क्रीटमध्ये लपायला मदत करते, बाळ झ्यूसला स्वतः वाढवायला घेते, दुपट्यात दगड गुंडाळून क्रोनसपुढे ठेवला जातो. युद्धात शंभरहात्यांना सोडवायची युक्तीही तिचीच. पुढे टायटन तिच्या पोटाखाली कोंडले जातात, तेव्हा ती टार्टारसपासून टायफोअस नावाचा शंभर सापमुंडक्यांचा राक्षस जन्माला घालते, आणि तो झ्यूसवर चालून जातो. तो हरल्यावर झ्यूसला राजा करा असा सल्ला देवांना देणारीही तीच.

लोक तिला चंचल म्हणतात. मला ती अजिबात चंचल वाटत नाही. तिची मागणी पहिल्यापासून एकच होती: माझी पोरं माझ्या आत पुरू नका. जो पुरेल त्याच्या विरुद्ध ती गेली. टायटन हरले की नाही यापेक्षा, तीन राजांपैकी एकानेही तिचं पुरतं ऐकलं नाही, हे मला जास्त लागतं.

उत्तरा_क

मातीचे_पाय, प्रतिसाद दोनदा वाचला. सुंदर.

दगडधोंडे

+१. फक्त टायफोअसच्या ठिकाणी हेसिअड गायाचा हेतू सांगत नाही. तो तुमचा अर्थ आहे. पण पटणारा आहे.

चिंतामणी_पुणे

या गोष्टीचं मूळ ग्रीसच्या पूर्वेला आहे, ते इथे यायला हवं.

तुर्कस्तानात बोआझक्यॉय इथे १९०६ पासून उत्खनन झालं आणि हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुसा सापडली. तिथल्या मातीच्या पाट्यांमध्ये कुमार्बी देवाची कथा निघाली. स्वर्गात आधी अलालू राजा, नऊ वर्षं. त्याचा प्यालेबरदार अनू त्याला हाकलतो. अनू म्हणजे आकाश. तोही नऊ वर्षं राज्य करतो. मग कुमार्बी अनूच्या मागे लागतो, त्याचे पाय धरून खाली ओढतो आणि दातांनी त्याचं पुरुषत्व तोडून गिळतो. अनू म्हणतो, हसू नकोस, तुझ्या पोटात आता वादळदेव वाढतोय. तोच तेशुब पुढे राजा होतो. आकाश, त्याला कापणारा, आणि वादळाचा देव: युरेनस, क्रोनस, झ्यूस हाच क्रम. या पाट्या हेसिअडच्या कितीतरी शतकं आधीच्या.

याच चक्रातल्या दुसऱ्या कथेत उल्लिकुम्मी नावाचा दगडी राक्षस उपेल्लुरीच्या खांद्यावर वाढतो. या उपेल्लुरीने पृथ्वी-आकाश अंगावर पेललेलं असतं. राक्षसाला तोडायला देव एक जुनं पातं बाहेर काढतात, ज्याने आकाश आणि पृथ्वी वेगळी केली होती ते. कोयताही सापडला, आकाश पेलणारा अ‍ॅटलसही सापडला.

आता मूळ प्रश्नाला लागून असलेली गोष्ट. हित्ती लोकांच्यात 'पूर्वीचे देव' असा एक गटच होता. पाताळात राहणारे, पुष्कळदा संख्येने बारा. अलालू, अनू त्यांच्यातच. आणि हित्ती राजे जे तह करत, त्यात साक्षीला या पदच्युत देवांनाही बोलावत. आता 'इलियड'चा चौदावा सर्ग काढा. निद्रादेव झ्यूसची राणी हेरा हिच्याकडे शपथ मागतो, तेव्हा हेरा टार्टारसखालच्या देवांची नावं घेऊन शपथ वाहते, ज्यांना टायटन म्हणतात. म्हणजे कैदेतल्यांच्या साक्षीशिवाय राणीची शपथही पुरी होत नाही. केतकी, तुमच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे असं मला वाटतं.

केतकीचं_बन

चिंतामणी काका, हे फारच मोलाचं आहे. स्टिक्सही याच रांगेत बसते. ओशिआनसची ही लेक, टायटनांची पुढची पिढी. झ्यूसने तिला मान दिला तो हाच, की देवांनी तिच्या पाण्याची शपथ घ्यायची. कोणी खोटं बोलल्याचा संशय आला की देवांची दूती आयरिस सोन्याच्या झारीतून ते थंड पाणी आणते. खोटी शपथ घेणारा देव वर्षभर निपचित पडून राहतो, श्वास नाही की शब्द नाही. वर आणखी नऊ वर्षं देवांच्या सभेला आणि पंगतीला बंदी. झ्यूसचा कायदा चालतो, पण त्याची जरब जुन्या घराण्याकडून येते.

दगडधोंडे, 'राज्य गेलं की नाही' याचं उत्तर: गादी गेली. पण गादी तर क्रोनसकडेच होती. बाकीच्या भावंडांकडे जे होतं, म्हणजे नदी, उजेड, स्मृती, न्याय, ते कोणी काढून घेतलं?

रानमेवा

आयपेटसच्या घरावर मात्र खरोखर नांगर फिरला, ते विसरू नका. चार मुलगे. मेनिशिअसला वीज घालून अंधारात ढकललं. अ‍ॅटलसला पश्चिमेच्या टोकाला, हेस्पेरिडीस अप्सरांच्या समोर, डोक्यावर आणि हातांवर आकाश धरायला उभं केलं. प्रोमिथ्यूसला खांबाला जखडलं, दिवसा गरुड त्याचं यकृत खातो आणि रात्री ते परत तेवढंच वाढतं. एपिमिथ्यूसच्या दारात माणसांवर संकटं आणणारी पँडोरा आणून सोडली. क्रोनसच्या बाजूला असल्याची किंमत पुढच्या पिढीनेही मोजली.

अश्वत्थ

प्रोमिथ्यूसची शिक्षा युद्धाची नाही, रानमेवा. मेकोनीला बैलाची वाटणी करताना त्याने झ्यूसला चरबीखाली हाडं लपवून फसवलं आणि पुढे बडीशेपेच्या जातीच्या झाडाच्या पोकळ दांड्यात विस्तव लपवून माणसांना नेऊन दिला, त्याची शिक्षा आहे. अ‍ॅटलसच्या बाबतीत हेसिअड कारणच देत नाही. मात्र घर एकच आहे आणि चौघांचंही भलं झालं नाही, हे खरं.

मातीचे_पाय

आणि झ्यूस आपल्या बापापेक्षा निराळा वागला असं कोणी समजू नये. त्याची पहिली बायको मेटिस, ओशिआनस आणि टेथिसची मुलगी. तिला होणारा मुलगा देवांचा आणि माणसांचा राजा होईल असं कळताच त्याने तिला गरोदरपणीच गिळून टाकलं. क्रोनसने पोरं गिळली, याने आईच गिळली. फिरतं चाक थांबलं ते असं. अथीना डोक्यातून निघाली हे सगळे कौतुकाने सांगतात, तिची आई कुठे गेली ते कोणी विचारत नाही.

नर्मदातीर

उशिरा आले, पण निमोसिनीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दक्षिण इटलीत हिप्पोनियन इथे १९६९ मध्ये एका बाईच्या थडग्यात घडी घातलेला सोन्याचा छोटा पत्रा मिळाला. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपासचा. असे पत्रे ग्रीक जगात आणखीही ठिकाणी सापडले आहेत. मेलेल्या माणसाने पाताळात गेल्यावर काय करायचं, याच्या सूचना त्यावर कोरलेल्या असतात. पहिला झरा लागेल, जवळ पांढरा सायप्रस असेल, त्या पाण्याच्या जवळपासही जाऊ नकोस. पुढे निमोसिनीच्या तळ्याचं थंड पाणी वाहतंय, तिथे राखणदार आहेत. ते विचारतील. त्यांना सांग: मी पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू, तहानेने जीव चाललाय, मला त्या तळ्याचं पाणी द्या.

पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू म्हणजे कोण? हेसिअडच्या हिशेबाने ही टायटनांची ओळख आहे. इटलीतली कोणी एक बाई मरताना झ्यूसचं नाव घेत नाही, स्वतःला टायटनांच्या घरातली म्हणवते आणि टायटन असलेल्या स्मृतीच्या तळ्याचं पाणी मागते. बाकी जग विसरलं तरी चालेल, आपण कोण होतो ते विसरू नये, म्हणून. ही पिढी हरली असती तर मरणाच्या दारात तिचं नातं कोणी सांगितलं असतं का?

उत्तरा_क

अंगावर काटा आला.

दगडधोंडे

नर्मदाताई, छान लिहिलंत. पण असे पत्रे ज्यांचे मानतात त्या ऑर्फिक मंडळींची, म्हणजे ऑर्फिअसच्या नावाने चालणाऱ्या गूढ पंथाची, दुसरी बाजूही आहे. टायटनांनी बाल डायोनिससला फाडून खाल्लं, झ्यूसने त्यांना जाळलं आणि त्या राखेतून माणूस झाला, अशी कथा ऑर्फिक परंपरेच्या नावावर सांगतात. म्हणजे टायटनांचं नातं सांगणं हा अभिमान नसेल, कबुलीही असेल.

नर्मदातीर

राखेतून माणूस झाला हा भाग स्पष्टपणे सांगणारा तत्त्वज्ञ ऑलिम्पिओडोरस इसवी सनाच्या सहाव्या शतकातला. पत्रा त्याच्या नऊशे वर्षं आधीचा. म्हणून पत्र्यावर जे आहे तेवढंच मी धरते, आणि त्यात अपराधाचा शब्द नाही.

खगोलवेडा

क्रोनसची पूजा कुठे होत होती का? की एकदम वाळीत?

अश्वत्थ

होत होती. ऑलिंपियाला खेळांच्या मैदानाशेजारी जी टेकडी आहे ती क्रोनसचीच. वसंतसंपाताला तिच्या माथ्यावर क्रोनसला बळी देत, असं पॉसेनिअस लिहितो. अथेन्समध्ये ऐन उन्हाळ्यात क्रोनिया नावाचा सण असे, तेव्हा मालक आणि गुलाम एकत्र जेवत. हेसिअडच्याच दुसऱ्या काव्यात क्रोनस राजा असताना सोन्याची माणसं होती, कष्ट नाहीत, म्हातारपण नाही, जमीन आपणहून पिकायची. मुलं गिळणारा आणि सुवर्णयुगाचा राजा, दोन्ही एकच. ग्रीकांना त्यात अडचण वाटली नाही.

आता केतकीच्या प्रश्नाकडे येतो, सुरुवातीला म्हटलं होतं तसं. पिंडारने इसवी सनापूर्वी ४६२ मध्ये सायरीनीच्या राजासाठी एक दीर्घ गीत रचलं. हद्दपार झालेल्या एका माणसाला राजाने माफ करावं अशी त्यात रदबदली आहे. तिथे तो दाखला देतो, की अमर झ्यूसनेही टायटनांना सोडलं. एस्किलसच्या नावावर असलेल्या, आता तुकड्यांतच उरलेल्या प्रोमिथ्यूसच्या दुसऱ्या नाटकात तर कोरसच सुटून आलेल्या टायटनांचा होता. पिंडारच्याच आणखी एका गीतात पुण्यवानांच्या बेटावर क्रोनसचा बुरूज आहे. तेव्हा पाचव्या शतकातल्या प्रेक्षकाला कैदेतून सुटलेले टायटन ओळखीचे होते.

माझं मत दोघांच्या मधलं आहे. ते हरले, आणि नंतर जिंकणाऱ्यालाच त्यांना सोडावं लागलं.

केतकीचं_बन

'सोडावं लागलं' की त्याने आपणहून सोडलं? पिंडारला तर दुसरंच म्हणायचंय. तो राजाला मोठ्या मनाचा दाखला देतोय.

दगडधोंडे

काही का असेना, सोडलं म्हणजे आधी कोंडलं होतं. माझा मुद्दा शाबूत.

दूरदेशी

आणखी एक गोष्ट. पर्गमॉन या प्राचीन ग्रीक शहरातल्या वेदीवरचा शिल्पपट, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, बर्लिनला आहे. त्यावर देव आणि गिगंट यांचं युद्ध आहे. गिगंट म्हणजे युरेनसच्या रक्तातून जन्मलेले, टायटन नव्हेत. ही दोन युद्धं लोक सर्रास एक करतात. दक्षिणेच्या बाजूला फिबी हातात मशाल घेऊन लढते आहे आणि शेजारी तिची मुलगी अ‍ॅस्टेरिया एका गिगंटाचे केस धरून तलवार चालवते आहे. पायऱ्यांच्या बाजूला ओशिआनस आणि टेथिस. हे सगळे टायटन झ्यूसच्या बाजूने. कोरणाऱ्यांना टायटनांची ती अर्धी पिढी ऑलिम्पसचीच वाटत होती.

केतकीचं_बन

मशाल घेतलेली आजी! हे माहीत नव्हतं. ते दालन सध्या बघता येतं का? कोणी बर्लिनजवळ राहत असेल तर सांगा.

दूरदेशी

वेदीचं दालन दुरुस्तीसाठी २०१४ पासून बंद आहे. उघडलं की इथेच कळवतो.

पाणकोंबडा

गिगंटांवर वेगळा धागा काढा, दूरदेशी. इथे आधीच आत्या-मावशांची गर्दी झालीय.